विवेकनिष्ठ भावना-वर्तन उपचारपद्धती

विवेकनिष्ठ भावना-वर्तन उपचारपद्धती (इंग्रजी आद्याक्षरांवरून 'आरईबीटी') ही अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (२७ सप्टेंबर १९१३ – २४ जुलै २००७) यांनी १९५५ साली मांडलेली मानसोपचारपद्धती होय. भय, काळजी, संताप, अपराधगंड, विषाद यांसारख्या त्रासदायक भावना केवळ प्रसंगांमुळे उत्पन्न होत नाहीत. त्या प्रसंगांविषयी माणूस बाळगत असलेल्या धारणांमुळे त्या तीव्र होतात आणि टिकून राहतात, हे या पद्धतीचे मूलसूत्र आहे. आज 'बोधनिक वर्तनोपचार' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपचारकुलातील ही सर्वांत आधीची पद्धती मानली जाते. मराठीत ती 'विवेकनिष्ठ मानसोपचार' या सुटसुटीत नावाने अधिक परिचित आहे.

मानसिक विकारांवरील उपचार म्हणून ही पद्धती जन्माला आली असली, तरी तिचा प्रसार प्रामुख्याने दैनंदिन जीवनातील अडचणींच्या संदर्भात झाला. परीक्षेची धास्ती, वरिष्ठांची भीती, घरातील माणसांशी सततचे खटके, 'लोक काय म्हणतील' याचा जाच अशा विषयांवर एलिस यांनी सामान्य वाचकांसाठी विपुल लेखन केले. या लेखनातील दोन गोष्टी वाचकांच्या अपेक्षेला छेद देणाऱ्या आहेत. एक म्हणजे भीती किंवा दुःख समूळ नाहीसे करण्याचे आश्वासन ही पद्धती देत नाही. दुसरी म्हणजे समोरच्या माणसाला बदलण्याची युक्ती ती शिकवत नाही.

उगम

एलिस यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग येथे झाला आणि बालपण न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉंक्स भागात गेले. मूत्रपिंडाच्या विकारामुळे लहानपणी त्यांना वारंवार रुग्णालयात राहावे लागले; आईवडिलांची भेट त्या काळात क्वचितच होत असे. पुढे आईवडील विभक्त झाले. मुलगा अतिशय बुजरा होता. चारचौघांत बोलण्याची आणि विशेषतः अनोळखी मुलींशी बोलण्याची त्याला भीती वाटे.

पहिल्या भीतीवर त्यांनी तरुणपणी एका राजकीय गटासाठी जाहीर भाषणे करून मात केली. भाषण टाळल्याने भीती वाढते आणि केल्याने कमी होते, हा अनुभव त्यांना तेथे आला. दुसऱ्या भीतीसाठी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी स्वतःवरच एक प्रयोग केला. ब्रॉंक्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जायचे आणि बाकावर एकटी बसलेली कोणतीही स्त्री दिसली, की तिच्या शेजारी बसून एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची, असा नियम त्यांनी घालून घेतला. एलिस यांनी पुढे सांगितलेल्या हिशेबानुसार अशा १३० स्त्रिया झाल्या. त्यांपैकी ३० जणी लगेच उठून गेल्या, १०० जणींशी बोलणे झाले, एकीने पुन्हा भेटण्याचे कबूल केले आणि तीही आली नाही. उद्दिष्टाच्या दृष्टीने हा प्रयोग पूर्ण फसला. मात्र नकाराने आकाश कोसळत नाही, हे १३० वेळा अनुभवल्यावर बुजरेपणा ओसरला. हा किस्सा एलिस आयुष्यभर सांगत राहिले, आणि त्यांच्या पद्धतीचा गाभा त्यात सापडतो हे खरे आहे. आजच्या वाचकाला मात्र बाकावर बसलेल्या त्या स्त्रियांचे काय, हा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही.

व्यवसाय व्यवस्थापनातील पदवी आणि काही अयशस्वी साहित्यिक प्रयत्नांनंतर एलिस मानसशास्त्राकडे वळले. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधून १९४७ मध्ये त्यांनी चिकित्सा मानसशास्त्रात पीएच.डी. मिळवली आणि मनोविश्लेषणाचे प्रशिक्षण घेऊन व्यवसाय सुरू केला. रुग्णाला कोचावर झोपवून वर्षानुवर्षे बालपणाच्या आठवणी उकरण्याच्या त्या पद्धतीविषयी त्यांचा भ्रमनिरास होत गेला. आपण सल्ला देतो, वाद घालतो, घरी करायला काम देतो तेव्हा रुग्ण लवकर सुधारतात, असे त्यांना आढळले. १९५३ च्या सुमारास ते मनोविश्लेषणापासून दूर झाले. १९५५ मध्ये त्यांनी आपल्या पद्धतीला 'विवेकी उपचार' असे नाव दिले. 'म्हणजे भावनांना येथे स्थान नाही', असा गैरसमज होऊ लागल्याने पुढे नावात 'भावना' हा शब्द आला, आणि कृतीवरील भर स्पष्ट व्हावा म्हणून १९९३ मध्ये 'वर्तन' हा शब्द जोडला गेला. पद्धतीचे नाव असे तीन टप्प्यांत लांबत गेले.

कल्पना नवी असल्याचा दावा एलिस यांनी केला नाही. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात होऊन गेलेला, गुलामगिरीतून मुक्त झालेला स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याचा ते वारंवार उल्लेख करीत. माणसाला वस्तुस्थिती अस्वस्थ करीत नाही, तिच्याविषयीचे त्याचे मत अस्वस्थ करते, हा एपिक्टेटसचा विचार त्यांनी उपचाराच्या खोलीत आणला.

एबीसी आराखडा

या पद्धतीचा आराखडा तीन इंग्रजी अक्षरांनी ओळखला जातो. 'ए' म्हणजे चेतक प्रसंग, 'बी' म्हणजे त्याविषयीची धारणा आणि 'सी' म्हणजे भावना व वर्तन या रूपांत होणारा परिणाम. आपण बोलताना 'ए' आणि 'सी' थेट जोडतो: 'साहेबांच्या बोलण्याने मला झोप लागली नाही', 'तिने उत्तर दिले नाही म्हणून मी चिडलो'. मधला 'बी' नजरेतून सुटतो.

समजा, एकाच कार्यालयातील दोघांना वार्षिक मूल्यमापनात 'कामात दिरंगाई' असा एकच शेरा मिळाला. एकाला वाईट वाटते; तो दोन दिवसांनी वरिष्ठांना भेटून नेमके काय सुधारायचे हे विचारतो. दुसऱ्याची झोप उडते. तो वरिष्ठांच्या समोर येणे टाळतो आणि टाळल्यामुळे काम आणखी रखडते. प्रसंग एकच असूनही परिणाम वेगळे झाले, कारण पहिल्याच्या मनात 'असा शेरा नको होता' एवढेच आहे, तर दुसऱ्याच्या मनात 'असा शेरा मला मिळताच कामा नये होता, आता सगळे संपले, मी नालायक आहे' ही साखळी आहे.

येथे एक गैरसमज नेहमी होतो. प्रसंगाला काही किंमतच नाही आणि सर्व काही मनाचे खेळ आहेत, असे ही पद्धती म्हणत नाही. शेरा अन्याय्य असू शकतो, नोकरी जाण्याचा धोका खरा असू शकतो. प्रसंगाचा वाटा एलिस मान्य करतात. फक्त तो परिणामाचे संपूर्ण स्पष्टीकरण देत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

आराखड्याला पुढे आणखी दोन अक्षरे जोडली गेली. 'डी' म्हणजे अविवेकी धारणेचा प्रतिवाद आणि 'ई' म्हणजे त्यातून येणारी नवी, परिणामकारक जीवनदृष्टी.

इच्छा आणि हट्ट

एलिस यांनी १९५०च्या दशकात अविवेकी धारणांची अकरा-बारा कलमी यादी केली होती. नंतर त्यांनी ती तीन आग्रहांपर्यंत आटोपती घेतली. पहिला आग्रह स्वतःविषयीचा: मी यशस्वी झालेच पाहिजे व सर्वांनी मला मान दिलाच पाहिजे. दुसरा इतरांविषयीचा: लोकांनी माझ्याशी नीट वागलेच पाहिजे. तिसरा जगाविषयीचा: परिस्थिती सोपी व सुखकर असलीच पाहिजे. आग्रह पुरा झाला नाही, की त्यातून तीन निष्कर्ष फुटतात. 'हे भयंकर आहे' (भयंकरीकरण), 'हे मला सहनच होणार नाही' (असह्यता) आणि 'मी नालायक' किंवा 'तो दुष्ट' (सरसकट मूल्यमापन).

या सर्वांच्या मुळाशी असलेल्या हट्टासाठी एलिस यांनी 'मस्ट' या इंग्रजी शब्दावर आधारित एक चावट शब्द घडवला होता. तो मराठीत उतरत नाही, आणि त्याची गरजही नाही. मराठीकडे याहून नेमके साधन आहे. 'पाहिजे' हा शब्द मराठीत दोन कामे करतो. 'मला चहा पाहिजे' यात इच्छा आहे. 'त्याने यायला पाहिजे' यात अपेक्षा किंवा बंधन आहे. इच्छा कोठे संपते आणि हट्ट कोठे सुरू होतो, हे त्या एका शब्दातून कळत नाही. ती सीमा दाखवतो तो 'च'. 'मुलाने रोज फोन करावा' ही आईची इच्छा झाली. 'मुलाने रोज फोन केलाच पाहिजे' हा हुकूम झाला. पहिल्या वाक्यात फोन आला नाही तर हुरहुर लागते. दुसऱ्यात फोन आला नाही तर अपमान होतो, आणि उशिरा आलेल्या फोनवर भांडण होते. आपल्या वाक्यांतील 'च' शोधणे हा या पद्धतीच्या मराठी अभ्यासकासाठी चांगला प्रारंभ ठरतो.

इच्छा सोडण्याचा उपदेश येथे नाही, ही बाब महत्त्वाची आहे. इच्छा तीव्र असण्यासही हरकत नाही. वैराग्यप्रधान परंपरांशी या पद्धतीची तुलना करताना हा फरक बऱ्याचदा दुर्लक्षिला जातो.

भीती आणि काळजी

नकारात्मक भावनांचे एलिस दोन गट करतात: आरोग्यकारक आणि अनारोग्यकारक. हा फरक केवळ तीव्रतेचा नाही, प्रकाराचा आहे. खेद वेगळा, विषाद वेगळा. नाराजी वेगळी, संताप वेगळा. खंत वेगळी, अपराधगंड वेगळा. पहिल्या भावना कृतीला वाव देतात, दुसऱ्या माणसाला जखडून ठेवतात. काळजीच्या बाबतीत हा भेद मराठी भाषेत आधीपासूनच आहे. 'काळजी घेणे' आणि 'काळजी करणे' यांत नाम तेच असले, तरी क्रियापद बदलताच अर्थ पालटतो. काळजी घेणारा माणूस पावसात छत्री नेतो. काळजी करणारा खिडकीशी बसून आभाळ पाहत राहतो. पद्धतीचे उद्दिष्ट दुसऱ्याला पहिल्याकडे नेणे हे आहे. बेफिकिरी आणणे हे नव्हे.

काळजीग्रस्त माणसाला धीर देण्याची रूढ रीत म्हणजे 'काही होणार नाही' असे सांगणे. एलिस या रीतीवर विश्वास ठेवत नाहीत. मुलगी रात्री उशिरापर्यंत घरी आली नाही आणि फोन लागत नाही, अशा वेळी घरच्यांना संभाव्यता समजावून सांगितल्यास तात्पुरते बरे वाटते. पण दुसऱ्या दिवशी तीच धास्ती परत येते, कारण 'अशी अनिश्चितता मला सहन होणार नाही' ही धारणा जागची हललेली नसते. वारंवार धीर मागणे हीच मग सवय होते. याच ठिकाणी अॅरन बेक यांनी १९६०च्या दशकात स्वतंत्रपणे विकसित केलेल्या बोधनोपचाराशी फरक दिसतो. बेक यांची पद्धती साधारणपणे आधी 'असे घडेल याला पुरावा काय?' असे विचारते. एलिस म्हणतात, क्षणभर ते घडले असे गृहीत धरू, मग काय?

बारावीच्या परीक्षेची धास्ती घेतलेल्या विद्यार्थ्याशी हा संवाद साधारण असा चालतो. नापास झालास तर काय होईल? वर्ष जाईल. ते वाईट आहे का? नक्कीच आहे, पैसा आणि वेळ वाया जाईल, मित्र पुढे जातील. पण वाईट याच्या पलीकडे 'भयंकर' असे त्यात काय आहे? येथे विद्यार्थी बहुधा थांबतो, आणि हळूहळू खरी भीती बाहेर येते. ती निकालाची नसतेच. बाबा नातेवाइकांसमोर काय सांगतील आणि त्यानंतर आपण कोण उरू, ही ती असते. आता प्रतिवाद योग्य जागी करता येतो. गुण हे एका परीक्षेतील कामगिरीचे मोजमाप आहे. त्यावरून माणसाचे मोजमाप करणे ही मोजणीतील चूक आहे. वडिलांची नाराजी ही खरीखुरी अडचण आहे आणि तिच्याविषयी त्यांच्याशी बोलण्याची तयारीही करता येते.

भीतीवर भीतीचा आणखी एक थर चढतो, त्याकडे एलिस यांनी विशेष लक्ष वेधले. आधी माणूस सभेत बोलायला घाबरतो. मग हात थरथरले तर लोकांना दिसेल, याला घाबरतो. पुढे 'मी इतका घाबरतो' याचीच त्याला लाज वाटू लागते. हा दुसरा थर अनेकदा पहिल्यापेक्षा जाड असतो. म्हणून उपचारात कित्येकदा आधी त्यालाच हात घातला जातो: घाबरणे ही मनुष्यमात्राची गोष्ट आहे, ती गैरसोयीची आहे, लाजिरवाणी नाही.

कठीण नातेसंबंध

१९५७ मध्ये एलिस यांनी मानसिकदृष्ट्या अस्वस्थ माणसासोबत कसे राहावे या विषयावर पुस्तक लिहिले. घरातील, शेजारातील वा कार्यालयातील एखादी व्यक्ती चिडखोर, संशयी किंवा हेकट आहे आणि ती उपचाराला जाणार नाही. अशा वेळी तिच्याभोवती राहणाऱ्यांनी काय करावे, हा त्याचा विषय. या लेखनातील विचार असा, की कठीण नात्यात माणसापुढे एकाच वेळी दोन प्रश्न असतात. एक व्यावहारिक: समोरचा असा वागतो आहे. दुसरा भावनिक: त्याच्या तसे वागण्याने मी पेटतो आहे किंवा खचतो आहे. बहुतेक माणसे पहिला प्रश्न सुटला की दुसरा आपोआप सुटेल, अशी वाट पाहतात. एलिस क्रम उलटा लावतात. आधी स्वतःची होरपळ कमी करावी आणि मग परिस्थितीला हात घालावा, कारण संतापाच्या भरात केलेली मागणी समोरचा ऐकत नाही आणि भीतीच्या भरात माणूस मागणी करतच नाही.

उदाहरणार्थ, सुनेच्या प्रत्येक कामात खोट काढणारी सासू घ्यावी. सुनेच्या मनात 'त्यांनी असे बोलायलाच नको' हा आग्रह असेल, तर रोजचा प्रत्येक शेरा नवा आघात होतो. सासूने तसे बोलू नये ही इच्छा सर्वस्वी रास्त आहे. परंतु ती वर्षानुवर्षे तशी बोलत आली आहे; तिच्या घडणीत, तिने सोसलेल्यात त्याची कारणे आहेत; आणि आपली इच्छा रास्त आहे म्हणून तिने बदललेच पाहिजे, असा कोणताही निसर्गनियम नाही. एवढे मान्य झाले, की शेरा बोचतो पण दिवस नासवत नाही. मग पर्याय दिसू लागतात. शांतपणे पण ठामपणे 'आई, हे मला लागते' असे सांगणे, काही शेरे कानाआड करणे, पतीला मध्यस्थ न करता थेट बोलणे, स्वयंपाकघराची वाटणी करणे किंवा वेगळे बिऱ्हाड करणे. सासूच्या बाजूनेही हीच मांडणी लागू पडते, हे सांगायला हवे. 'सुनेने माझ्या पद्धतीनेच केले पाहिजे' यातला 'च' तितकाच जाचक आहे.

या विचाराचा तात्त्विक आधार म्हणजे बिनशर्त स्वीकार. एलिस त्याचे तीन पदर मानतात: स्वतःचा, इतरांचा आणि जीवनाचा. माणसाच्या कृतींचे मूल्यमापन करावे, माणसाचे करू नये, हे त्यातील सूत्र आहे. आत्मसन्मान वाढवण्याच्या लोकप्रिय कल्पनेवर त्यांनी याच कारणाने टीका केली. यशावर उभारलेला आत्मसन्मान अपयशाबरोबर खाली येतो, म्हणून स्वतःला गुण देण्याची सवयच सोडावी, असे त्यांचे मत होते.

'स्वीकार' या शब्दाचा विपर्यास सहज होतो. इतरांचा स्वीकार म्हणजे त्यांच्या वागण्याला संमती नव्हे. मारहाण, लैंगिक छळ, आर्थिक कोंडी यांसारख्या परिस्थितीत पीडित व्यक्तीच्या धारणा तपासत बसणे हे उपचारकाचे पहिले काम असू शकत नाही. सुरक्षितता हे पहिले काम आहे. भारतात यासाठी कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ सारखा कायदेशीर मार्ग आहे. आराखड्याच्या भाषेत सांगायचे तर येथे 'ए' बदलणे निकडीचे असते. मात्र छळ होणारी व्यक्ती घर सोडायचे ठरवूनही थांबते, तेव्हा 'मीच कमी पडले', 'एकटीने जगणे मला जमणारच नाही' या धारणा वाटेत उभ्या असतात. त्या ठिकाणी ही पद्धती सहन करायला शिकवण्यासाठी नव्हे, तर बाहेर पडण्याचे बळ देण्यासाठी उपयोगी पडते.

सराव आणि तंत्रे

केवळ समजल्याने माणूस बदलतो, यावर एलिस यांचा विश्वास नव्हता. धारणा वर्षानुवर्षे घोकून पक्की झालेली असते, तेव्हा तिच्याविरुद्धचे कामही तितक्याच नेटाने करावे लागते, असे ते म्हणत. प्रतिवादाचे प्रश्न तीन प्रकारचे असतात: या धारणेला वास्तवात आधार आहे का, ती तर्काला धरून आहे का, आणि ती बाळगल्याने माझे भले होते का. तिसरा प्रश्न अनेकदा पहिल्या दोहोंपेक्षा अधिक काम करतो, कारण हट्टी माणूस तर्क नाकारू शकतो, पण स्वतःचे नुकसान नाकारणे त्याला जड जाते.

कल्पनेचा सराव हे आणखी एक तंत्र. नकोसा प्रसंग डोळ्यांसमोर आणून आधी अनारोग्यकारक भावना येऊ द्यायची आणि मग प्रसंग तोच ठेवून ती आरोग्यकारक भावनेत बदलण्याचा प्रयत्न करायचा. तो बदल मनातल्या कोणत्या वाक्यामुळे झाला हे टिपून ठेवायचे. याशिवाय प्रत्यक्ष कृतीचा गृहपाठ दिला जातो: ज्याची भीती आहे ते वारंवार करणे. सर्वाधिक गाजले ते लाजेवर हल्ला करणारे प्रयोग. भुयारी रेल्वेत मोठ्याने स्थानकांची नावे पुकारणे किंवा दोरीला केळे बांधून कुत्र्यासारखे फिरवणे, असे हास्यास्पद वाटणारे काम लोकांसमोर करायचे आणि त्या वेळी स्वतःला तुच्छ न लेखण्याचा सराव करायचा. त्यातून कोणाला इजा होऊ नये, कायदा मोडू नये आणि नोकरी धोक्यात येऊ नये, अशी अट असे.

न्यूयॉर्कमध्ये १९५९ साली एलिस यांनी स्थापन केलेल्या संस्थेत १९६५ पासून दर शुक्रवारी रात्री जाहीर कार्यशाळा भरत असे. प्रेक्षकांतून कोणीतरी मंचावर येऊन आपली अडचण सांगे आणि एलिस सर्वांदेखत तिच्यावर काम करीत. बोलणे रोखठोक, विनोदी आणि शिव्यांनी सजलेले असे. हा क्रम सुमारे चार दशके चालला.

परिणामकारकता

मानसोपचारांच्या परिणामांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या मेरी स्मिथ व जीन ग्लास यांच्या १९७७ च्या प्रसिद्ध अभ्यासात ही पद्धती अधिक परिणामकारक आढळलेल्या पद्धतींमध्ये होती. मात्र निरनिराळ्या उपचारांमधील फरक एकूणात किरकोळ आहेत, असाही त्याच अभ्यासाचा निष्कर्ष होता. २०१८ मध्ये डॅनियल डेव्हिड व सहकाऱ्यांनी पन्नास वर्षांतील संशोधनाचा आढावा घेतला. त्यात पद्धतीचा परिणाम मध्यम स्वरूपाचा असल्याचे दिसून आले. तीव्र विषाद, आत्महत्येचे विचार, भ्रम किंवा व्यसन असल्यास केवळ पुस्तक वाचून स्वतःवर प्रयोग करणे पुरेसे नाही. भारत सरकारची 'टेलिमानस' ही १४४१६ क्रमांकाची मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे.

टीका

उपचारकाने वाद घालण्याची शैली हा टीकेचा पहिला विषय. १९६५ च्या एका प्रसिद्ध प्रशिक्षणपटात कार्ल रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स व एलिस यांनी ग्लोरिया नावाच्या एकाच स्त्रीशी आपापल्या पद्धतीने संवाद साधला. त्यात एलिस फार बोलतात व कमी ऐकतात, अशी टीका झाली. स्वतः एलिसही त्या मुलाखतीवर समाधानी नव्हते. त्यांच्या अनुयायांचे म्हणणे असे, की कठोर शैली एलिस यांची होती, पद्धतीची नव्हे. ती मृदूपणेही राबवता येते. हे म्हणणे बऱ्याच अंशी मान्य होण्यासारखे आहे.

अधिक गंभीर आक्षेप सामाजिक आहे. जात, लिंगभाव, दारिद्र्य यांतून येणारे दुःख 'धारणे'च्या खात्यात टाकले, तर अन्यायाची जबाबदारी सोसणाऱ्यावरच येते. 'परिस्थिती नव्हे, तुझा विचार बदल' हे वाक्य उपचारकाच्या तोंडी एक अर्थ घेते आणि मालकाच्या किंवा सासरच्या तोंडी दुसराच. संतापाऐवजी ठाम नाराजी बाळगणारा माणूस अन्यायाविरुद्ध अधिक काळ व अधिक नेटाने लढू शकतो, असे यावरचे उत्तर दिले जाते. ते तत्त्वतः योग्य असले, तरी ही पद्धती कोण कोणाला शिकवतो आहे, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

धर्माविषयीची एलिस यांची भूमिकाही वादग्रस्त ठरली. ते नास्तिक होते आणि धार्मिकता ही मनोविकाराच्या जवळची गोष्ट आहे, असे त्यांनी आरंभी लिहिले. पुढे हे मत सौम्य झाले. धार्मिक व्यक्तींसोबत ही पद्धती कशी वापरावी यावरील २००१ च्या पुस्तकाचे ते सहलेखक होते.

आयुष्याच्या अखेरीस एलिस यांना स्वतःच्याच संस्थेशी झगडावे लागले. २००५ मध्ये संस्थेच्या विश्वस्त मंडळातून त्यांना दूर करण्यात आले. ते न्यायालयात गेले आणि जानेवारी २००६ मध्ये न्यायालयाने ही कारवाई अवैध ठरवली. तेव्हा ते ९२ वर्षांचे होते.

महाराष्ट्रातील प्रसार

भारतात या पद्धतीचा पाया घालण्याचे श्रेय मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांना दिले जाते. त्यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला, तसेच अनेक उपचारकांना व सर्वसामान्य जिज्ञासूंना प्रशिक्षण दिले. मनोविकारतज्ज्ञ आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाणे येथे स्थापन केलेल्या 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' या संस्थेच्या कामातही या पद्धतीला महत्त्वाचे स्थान आहे. नाडकर्णी यांचे 'स्वभाव-विभाव' हे पुस्तक या विचाराचा मराठी वाचकाला परिचय करून देते. अंजली जोशी यांची 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरी एलिस यांच्या जीवनावर आधारलेली आहे. समर्थ रामदासांच्या 'मनाच्या श्लोकां'शी या पद्धतीचे साम्य मराठीत काही वेळा दाखवले जाते. मनाला उद्देशून बोलण्याची रीत दोन्हींत आहे, पण रामदासांचा रोख भक्तीकडे आहे आणि एलिस यांचा ऐहिक सुखाकडे.